दार बंद झालेली साथ : महामारी, विद्यार्थी आणि कंटाळा



या व्याख्यानमालेत आजवर इतिहासाचे जाणकार बोलून गेले. मी त्यांतला नव्हे. निपाणी भागात पस्तीस-छत्तीस वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा मी एक साधा डॉक्टर. तरीही मंडळाने विषय विचारला तेव्हा मी महामारीतल्या विद्यार्थ्यांचा विषय सुचवला. त्याला कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

२०२० चा एप्रिल महिना. टाळेबंदी लागून दोन आठवडे झाले होते. मोबाईलवर एक संदेश फिरत होता. प्लेगमुळे केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडले, न्यूटन घरी गेला आणि घरबसल्या त्याने गुरुत्वाकर्षण शोधले, तर मुलांनो, तुम्ही काय करताय, असा त्याचा मथितार्थ. मला तो फार आवडला. नात्यातल्या सगळ्या कॉलेजच्या मुलांना मी तो धाडला. पुतण्यालाही धाडला. तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि मार्चमध्ये वसतिगृह रिकामे करून घरी आला होता. त्याचे उत्तर आले नाही. मी समजलो, मुलगा अभ्यासाला लागला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आमचे दशलक्षण पर्व संपले. क्षमावाणीच्या दिवशी आम्ही लहानथोर एकमेकांची क्षमा मागतो. त्या वर्षी ती फोनवरूनच मागायची होती. पुतण्याला रीतीप्रमाणे म्हटले, "वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर." तो जरा थांबला आणि म्हणाला, "काका, एक आहे. तो न्यूटनचा मेसेज. बसायचाही कंटाळा, उठायचाही कंटाळा, दिवसभर नुसता पडून असायचो. त्यात तुम्ही न्यूटन पाठवलात. वाटलं, आपल्यात काहीच नाही."

मी खजील झालो. त्या मुलाला काय झाले होते, आणि पूर्वीच्या साथींत त्याच्या वयाच्या मुलांना काय होत असे, हे शोधायला मी तेव्हापासून लागलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

न्यूटनची गोष्ट

प्रथम न्यूटनकडेच जाऊ, कारण त्याच्यावर मी खोटा भार टाकला होता.

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग भडकला. त्या साथीत लंडनची सुमारे एक लाख माणसे गेली असा अंदाज आहे. केंब्रिजच्या महाविद्यालयांनी मुलांना घरी पाठवले. बावीस वर्षांचा आयझॅक न्यूटन लिंकनशायरमधल्या वूल्सथॉर्प या आपल्या गावी गेला. १६६६ च्या मार्चमध्ये तो परतला, साथ पुन्हा वाढताच जूनमध्ये पुन्हा घरी गेला आणि १६६७ च्या वसंतात कायमचा केंब्रिजला आला. मधल्या काळात त्याने गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवर मूलगामी विचार केला. इथवर संदेश खरा होता.

संदेशाने गाळलेल्या गोष्टी तीन. पहिली, न्यूटनने १६६५ च्या आरंभीच पदवी घेतली होती. त्याच्या डोक्यावर परीक्षेची टांगती तलवार नव्हती. दुसरी, तो रिकाम्या डोक्याने घरी गेला नाही. १६६४ पासून त्याच्या वहीत प्रश्नांची यादी तयार होती आणि घरी तो तेच प्रश्न पुढे नेत होता. शिवाय गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण सिद्धान्त जगापुढे आला तो १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात, म्हणजे वीस वर्षांनी. तिसरी गोष्ट माझ्या विषयाला जवळची. तो घरी गेला म्हणजे कुठे गेला? मेंढरे, कुरणे आणि फळझाडे असलेल्या शेतवाडीवर. सफरचंदाच्या आख्यायिकेत खरे-खोटे किती हे बाजूला ठेवू, पण त्या आख्यायिकेलाही बाग लागते. दहा बाय दहाच्या खोलीत सफरचंद पडत नाही.

त्या काळी साथ आली म्हणजे विद्यार्थी दाट वस्तीतून मोकळ्यावर जात असे. बंद होई ते विद्यापीठ, विद्यार्थी नव्हे.

गाव माळावर जाई

आपल्याकडचा अनुभवही असाच आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. सव्वाशे वर्षांनी, २०२० मध्ये, आपल्याकडे तोच कायदा पुन्हा वापरला गेला. पुण्यात रँडच्या अमलाखाली घरोघर झडत्या झाल्या, माणसांना ओढून विलगीकरणाच्या छावण्यांत नेले, आणि त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले ते आपण सारे जाणता. प्लेगचा काळ सुखाचा होता असे मला मुळीच म्हणायचे नाही.

पण छावण्या दोन तऱ्हांच्या होत्या. एक सक्तीची. दुसरी लोकांनी आपण होऊन उभारलेली. बेळगाव, धारवाड, हुबळी या पट्ट्यात प्लेग १८९७-९८ पासून पुढे कित्येक वर्षे फिरून फिरून येत राहिला. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव उठे आणि माळावर जाई. माझ्या आजोबांनी शाळकरी वयात असे दोन हिवाळे माळावर काढले. ते सांगत, "शाळा बंद, पण आम्ही बंद नव्हतो." कडब्याच्या नाहीतर गवताच्या खोपी. पोरांनी विहिरीवरून पाणी आणायचे, सरपण गोळा करायचे, गुरे हिंडवायची, रात्री शेकोटीपाशी बसायचे. मास्तरही त्याच माळावर असत. सवड झाली की झाडाखाली पाढे म्हणून घेत. घरातले एखादे माणूस गेले की सगळा माळ गप्प होई. आजोबांच्या दोन बहिणी त्यात गेल्या. भीतीबद्दल आणि दुःखाबद्दल ते खूप बोलत. कंटाळ्याबद्दल मात्र एकदाही बोलले नाहीत. मी एकदा विचारले तेव्हा हसून म्हणाले, "कंटाळायला उसंत कुठं होती?"

१९१८ : कवायत आणि खाटा

माणसे एकत्र हलली की सगळे ठीक होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून १९१८ चे उदाहरण देतो. पहिले महायुद्ध संपत आले होते. अमेरिकेत महाविद्यालयीन मुलांना सैन्याचे शिक्षण देण्यासाठी १ ऑक्टोबर १९१८ रोजी पाचशेहून अधिक महाविद्यालयांत एकाच दिवशी समारंभ झाले आणि सुमारे एक लाख चाळीस हजार विद्यार्थी दाखल झाले. इन्फ्लुएन्झाची सर्वांत घातक लाट नेमकी त्याच आठवड्यांत आली. मुले एका बराकीत झोपत, एका पंगतीत जेवत, एका रांगेत कवायत करत. साथीला याहून सोपी वाट कोणती? व्यायामशाळांत कसरतीऐवजी रुग्णांच्या खाटा लागल्या. आयोवा राज्याच्या महाविद्यालयाची व्यायामशाळाच रुग्णालय झाली. फुटबॉलचे कितीतरी सामने रद्द झाले. जॉर्जियातल्या एका सामन्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात प्रेक्षक तोंडावर फडकी बांधून बसले आहेत.

तेव्हा २०२० मध्ये गर्दी टाळण्याचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. माझ्या दवाखान्यात येणारी ओळखीची माणसे त्या दोन वर्षांत गेली. प्रश्न आहे तो गर्दी टाळताना आपण आणखी काय टाळले हा.

दार बंद झाले

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही साथ महामारी असल्याचे सांगितले. २५ मार्चपासून आपल्याकडे एकवीस दिवसांची टाळेबंदी लागली. स्पेनमध्येही मार्चच्या मध्यापासून मोठ्या माणसांना फिरायला बाहेर पडण्याची मुभा नव्हती. ती २ मे रोजी मिळाली. इंग्लंडमध्ये दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडता येई. आपल्याकडे सकाळच्या फेरीचीही सोय नव्हती. रस्त्यावर सापडलेल्या पोरांना पोलीस उठाबशा काढायला लावत, त्याची चित्रे सर्वांनी पाहिली. व्यायाम उरला तो शिक्षा म्हणून!

इथे इतिहासात काहीतरी पहिल्यांदा घडले. विद्यापीठ बंद झाले नाही, ते मुलाच्या खोलीत शिरले. तास, उपस्थिती, चाचण्या सगळे पडद्यावर सुरू राहिले. त्या सुमारास देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या पावणेचार कोटींच्या वर होती. त्यांच्या दिवसातून शिकवणे गेले नाही, चालणे गेले. खोलीतून मेसपर्यंत, मेसमधून वर्गापर्यंत, तीन मजले वर, प्रयोगशाळेत उभे राहणे, चहाच्या टपरीपर्यंत जाणे, बसच्या मागे पळणे. याला कोणी व्यायाम म्हणत नाही, म्हणून तो गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्या वर्षी निरनिराळ्या देशांत विद्यार्थ्यांच्या पाहण्या झाल्या. बहुतेकींत चालणे घटलेले आणि बसणे वाढलेले दिसले. मला सर्वांत बोलकी वाटली ती स्पेनमधली एक. आरोग्यशास्त्राच्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांची साथीपूर्वीची आणि टाळेबंदीतली माहिती तिने ताडून पाहिली. त्यांच्या व्यायामाची मिनिटे वाढली होती, आणि बसण्याचे तासही वाढले होते. म्हणजे सकाळी अर्धा तास उड्या मारायच्या आणि उरलेला दिवस खुर्चीत काढायचा. आपल्याकडेही अनेक मुलांनी सूर्यनमस्कार सुरू केले. औंधच्या राजेसाहेबांनी १९२० च्या दशकात ज्यांचा जोराने प्रसार केला, तेच हे सूर्यनमस्कार. सतरंजीएवढ्या जागेत होणारा इतका चांगला व्यायाम दुसरा नसेल. पण राजेसाहेबांच्या काळचा विद्यार्थी नमस्कार घालून झाल्यावर शाळेला चालत जात असे.

शरीर थांबवले तर तरुणाचे काय होते, याचा पुरावा जुना आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना सुमारे तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवण्यात आले. श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने जे नुकसान केले नव्हते, ते त्या तीन आठवड्यांनी केले होते. आपली पहिली टाळेबंदीही तीनच आठवड्यांची होती. घरात बसणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे, हे मान्य. पण पुतण्याचे 'नुसता पडून असायचो' हे शब्द आठवले की मला डॅलस आठवते. दिलासा हा की त्या तरुणांची गेलेली क्षमता दोन महिन्यांच्या व्यायामाने भरून आली होती.

कंटाळा येतो म्हणजे काय

आता मनाकडे वळू. मराठीत कंटाळा 'येतो'. ताप येतो, झोप येते, तसाच.  पण आपण हा एकच शब्द दोन अवस्थांना वापरतो. काम समोर आहे पण करावेसे वाटत नाही, तोही कंटाळा. काहीतरी करावेसे फार वाटते पण काय ते सापडत नाही, तोही कंटाळा. पहिल्याला आळस म्हणता येईल. दुसरा वेगळा आहे. कॅनडातले जॉन ईस्टवूड आणि त्यांचे सहकारी यांनी मानसशास्त्रात कंटाळ्याची जी व्याख्या केली आहे, ती या दुसऱ्या अवस्थेची : समाधान देणारे काही करण्याची इच्छा आहे, पण ते करता येत नाही. पालकांनी आणि माझ्यासारख्या काकांनी दुसऱ्याला पहिला समजून उपदेश केला.

गंमत अशी की कंटाळ्याचे प्रयोग विद्यार्थ्यांवरच झाले. १९५० च्या दशकात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात महाविद्यालयीन मुलांना रोज वीस डॉलर देऊन नुसते पडून राहायला सांगितले. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या, उठायचे ते जेवायला आणि शौचाला. त्या काळी ही रक्कम मोठी होती. तरी दोन-तीन दिवसांपलीकडे फार थोडे टिकले. काहींना नसलेली चित्रे दिसू लागली. २०१४ मध्ये व्हर्जिनियातल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पंधरा मिनिटे एकट्याने, काही न करता बसायला सांगितले. खोलीत सौम्य विजेचा झटका देणारे एक बटण होते. हा झटका टाळायला आपण पैसे देऊ, असे त्यांनीच आधी सांगितले होते. तरीही अठरा मुलांपैकी बारा आणि चोवीस मुलींपैकी सहा जणांनी स्वतःला झटका देऊन घेतला. हातातल्या मोबाईलवर रात्री तीनपर्यंत बोट फिरवणारी मुले आठवा. तेही एक बटणच.

मग आमचे साधू चातुर्मासात चार महिने एका ठिकाणी राहतात ते कसे? विहार थांबतो, गाव बदलत नाही. मी लहानपणापासून पाहतो, त्यांच्या दिवसात रिकामी पोकळी नसते. सामायिक, स्वाध्याय, आहारासाठी पायी जाणे, प्रवचन, प्रतिक्रमण, प्रत्येकाची वेळ ठरलेली. आणि मुख्य म्हणजे चातुर्मास संपण्याची तिथी पहिल्या दिवशीच माहीत असते. टाळेबंदीची तिथी १४ एप्रिल होती, मग ३ मे झाली, मग १७ मे, मग ३१ मे. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा होणार की नाही हा वाद जुलै-ऑगस्टभर चालला आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला. ज्याचा शेवट दिसत नाही त्या दिवसाची आखणी करायची कशी?

होमिओपॅथीत रोग्याला एक प्रश्न हमखास विचारतात : हालचालीने दुखणे वाढते की हलके होते? २०२० च्या उन्हाळ्यात डोकेदुखी, पाठदुखी, झोप नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांना मी तो विचारत गेलो. उत्तर ठरलेले : "हललो कुठं, डॉक्टर?" कोल्हापूरला शिकणारा एक मुलगा कोगनोळी नाका बंद म्हणून गावातच अडकला होता. शेतीच्या कामांना सूट होती म्हणून मी त्याला गोळ्यांबरोबर सांगितले, पहाटे वडिलांबरोबर रानात जा. पंधरा दिवसांनी तो आला तो झोपेची तक्रार विसरून, पाण्याच्या पाळीबद्दल बोलत. श्रेय मी गोळ्यांना देणार नाही.

पण एका मुलीने मला अडवले. तिलाही मी तेच सांगू लागलो, तर ती म्हणाली, "डॉक्टर, माझे हात सकाळपासून थांबत नाहीत. सगळे घरात आहेत, सगळ्यांचं करते. तरी कंटाळा जात नाही. कॉलेजचा रस्ता तेवढा माझा होता." तिच्या शरीराला हालचाल होती, पण ती तिने निवडलेली नव्हती. तेव्हा मला उमगले की हालचाल औषध ठरते ती तिला कुठेतरी पोहोचायचे असेल तर, आणि ते पोहोचणे आपले स्वतःचे असेल तर. माळावरच्या माझ्या आजोबांच्या कळशीला विहीर होती. या मुलीचा रस्ता गेला होता.

पुढच्या साथीसाठी

साथी येत राहणार, हे इतिहास सांगतो. पुढच्या वेळी काय करता येईल? नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रम करावेत, बसणे कमी करावे आणि थोडी हालचालही उपयोगी मानावी, असे सांगितले. हे घरोघर पोहोचवायला डॉक्टर आहेत. पण विद्यापीठांनाही काही करता येईल. मोठमोठी मैदाने त्या दिवसांत कुलुपात होती. अंतर राखून, पाळीपाळीने ती उघडता येतील. सहा तास पडदा दाखवण्याऐवजी तीन तास दाखवून उरलेल्या वेळात बाहेर करायचे एखादे काम देता येईल : गावातल्या विहिरी मोजा, झाडे नोंदवा, म्हाताऱ्यांची औषधे पोहोचवा. शेवट ठाऊक नसेल तर निदान येत्या आठवड्याचा शब्द द्या आणि तो पाळा. आणि घरातल्या मुलीला रोज तासभर तिचा स्वतःचा रस्ता द्या. हे शेवटचे काम विद्यापीठाचे नाही, आपले आहे.

माझा पुतण्या आता नोकरी करतो. व्याख्यानाचा मसुदा त्याला वाचायला दिला होता. त्याने दोन तारखा दुरुस्त केल्या आणि खाली लिहिले, "काका, क्षमा तेव्हाच केली होती. पण न्यूटनला बाग होती, हे तेव्हाच कळवायला हवं होतंत."

ते आज आपल्या सर्वांसमोर कळवतो.